छतालाच राहिलेले फुगे

५ मे १९६९ची संध्याकाळ. लॉस एंजलिसला लागून असलेल्या इंगलवुडमधलं 'फोरम' हे क्रीडागृह प्रेक्षकांनी भरून गेलेलं. एनबीए, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलची सर्वांत मोठी स्पर्धा. तिची अंतिम फेरी सात सामन्यांची असते. दोन्ही संघांनी तीन-तीन सामने जिंकले होते आणि आज सातवा होता. यजमान संघ लॉस एंजलिस लेकर्स, पाहुणा संघ बॉस्टन सेल्टिक्स. लेकर्सचे मालक जॅक केंट कुक यांना विजयाची इतकी खात्री होती, की त्यांनी हजारो फुगे जाळ्यांत भरून छताला टांगून ठेवले होते. विजयानंतरचा कार्यक्रमही छापून तयार होता. फुगे कधी सोडायचे, बँडनं कोणती धून वाजवायची, कुणाकुणाच्या मुलाखती घ्यायच्या, सगळं त्यात होतं. हा छापील कागद बॉस्टनच्या मंडळींच्या हाती पडला. संघाचे खेळाडू आणि प्रशिक्षक अशी दुहेरी जबाबदारी सांभाळणाऱ्या बिल रसेल यांनी तो आपल्या सोबत्यांना वाचून दाखवला. मग वेगळं भाषण करायची गरजच उरली नाही.

बॉस्टननं तो सामना १०८ विरुद्ध १०६ असा जिंकला. फुगे छतालाच राहिले.

मी कवितेच्या गल्लीत राहणारा माणूस. खेळावर बोलण्याचा माझा अधिकार फार मोठा नाही. पण या फुग्यांची गोष्ट जेव्हा वाचली, तेव्हापासून ती मनातून जात नाही. कारण ती दिसते तेवढी सोपी नाही. वरवर पाहिलं तर ही गर्वाचं घर खाली झाल्याची गोष्ट आहे. जरा खोलात गेलं, की तिच्यातून एक जुना प्रश्न वर येतो. स्पर्धेत सगळे संघ तुल्यबळ असावेत, असं आपण म्हणतो. ते कुणी करायचं, कसं करायचं, आणि त्याची किंमत कुणी मोजायची?

आधी त्या दोन संघांविषयी. लेकर्सकडे जेरी वेस्ट होते, एल्जिन बेलर होते. दोघेही त्या काळातले अव्वल खेळाडू. त्यांच्या जोडीला १९६८च्या उन्हाळ्यात मालकांनी विल्ट चेंबरलेन यांना आणलं. ज्यांनी १९६२ साली एकाच सामन्यात १०० गुण केले होते, ते हे चेंबरलेन. तीन महारथी एका छावणीत. आज ज्याला 'सुपरटीम' म्हणतात, ती हीच. आणि तरी ती हरली. जेरी वेस्ट यांनी त्या सातव्या सामन्यात ४२ गुण केले. अंतिम फेरीतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्यांचीच निवड झाली. हरलेल्या संघातल्या खेळाडूला हा मान त्याआधी मिळाला नव्हता आणि त्यानंतरही मिळालेला नाही.

पण म्हणून बॉस्टनला दुबळा, बिचारा संघ समजू नका. १९५७ ते १९६९ या तेरा मोसमांत बॉस्टननं अकरा वेळा विजेतेपद मिळवलं. त्यातली आठ तर ओळीनं, १९५९ ते १९६६. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांत सलग आठचा हा विक्रम दुसऱ्या कुणाला जमलेला नाही. म्हणजे १९६९मध्ये एका दादा संघानं दुसऱ्या होऊ घातलेल्या दादा संघाला हरवलं, एवढंच.

बास्केटबॉलमध्ये ही दादागिरी इतर खेळांपेक्षा जास्त का दिसते? याचं उत्तर खेळाच्या घडणीतच आहे. क्रिकेटमध्ये अकरा माणसं, फुटबॉलमध्ये अकरा. बास्केटबॉलमध्ये मैदानावर एका बाजूला फक्त पाच. सामना ४८ मिनिटांचा आणि चांगला खेळाडू त्यातली ३५-४० मिनिटं मैदानावर असतो. क्रिकेटमध्ये जगातला सर्वांत मोठा फलंदाज पहिल्याच चेंडूवर बाद झाला, तर पॅव्हेलियनमध्ये बसून राहतो. इथे एक नेम चुकला तर अर्ध्या मिनिटानं पुन्हा संधी येते. आजच्या खेळात एका सामन्यात प्रत्येक संघाकडे शंभराच्या आसपास वेळा चेंडू येतो. फुटबॉलमध्ये एखादा नशिबाचा गोल सामन्याचा निकाल फिरवतो. इथे शंभर संधींमध्ये नशीब झिजून जातं आणि मागे राहते ती ताकद.

त्यावर पुन्हा सात सामन्यांची मालिका. समजा, एखादा संघ दहापैकी सहा सामने जिंकण्याइतकाच वरचढ आहे. एका सामन्यात त्याची संधी शंभरात साठ. पण सातपैकी चार जिंकायचे म्हटलं, की ती शंभरात ७१ होते. दहापैकी सात जिंकणारा संघ असेल, तर शंभरात ८७. थोडा वरचढ असलेला संघ मालिकेत बराच वरचढ ठरतो. म्हणून बास्केटबॉलमध्ये तीन मोठे खेळाडू एकत्र आले, की बाकीच्यांच्या पोटात गोळा येतो.

या दादागिरीवर नियमांचा उतारा शोधणं अगदी सुरुवातीपासून चालू आहे. पहिले दादा होते मिनियापोलिसचे लेकर्स. हाच संघ पुढे १९६०मध्ये लॉस एंजलिसला गेला. त्यांच्याकडे सहा फूट दहा इंच उंचीचे जॉर्ज मायकन होते. ते बास्केटखाली उभे राहत आणि चेंडू आत टाकत. १९५१मध्ये बास्केटसमोरचा पट्टा सहा फुटांवरून बारा फूट रुंद करण्यात आला. या पट्ट्यात हल्ला करणाऱ्या संघाच्या खेळाडूला तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. म्हणजे एका माणसाला बास्केटपासून लांब ठेवण्यासाठी मैदानच बदललं. मायकनना रोखण्यासाठी प्रतिस्पर्धीही काय काय करत! २२ नोव्हेंबर १९५०ला फोर्ट वेनच्या संघानं चेंडू नुसता हातात धरून वेळ काढला आणि सामना १९ विरुद्ध १८ असा जिंकला. प्रेक्षक वैतागले. पुढे १९५४मध्ये २४ सेकंदांत चेंडू बास्केटकडे टाकलाच पाहिजे, असा नियम आला. सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बायसोन यांचा त्यात मोठा वाटा होता. त्या नियमानं हा खेळ वाचवला, असं आजही मानलं जातं.

दुसरा उतारा म्हणजे ड्राफ्ट. कॉलेजमधून बाहेर पडणारे नवे खेळाडू कोणत्या संघात जाणार, हे ते खेळाडू ठरवत नाहीत. संघ ओळीनं निवड करतात आणि जो संघ सर्वांत खाली राहिला, त्याचा नंबर आधी. पंगतीत शेवटी बसलेल्याला पहिलं वाढायचं, असा हा न्याय. ऐकायला फार गोड. पण माणसाची बुद्धी गोडातूनही वाट काढते. शेवटी राहण्यातच फायदा असेल, तर मुद्दाम का हरू नये? १९८०च्या दशकात हा संशय इतका वाढला, की १९८५पासून पहिल्या क्रमांकासाठी लॉटरी काढायला सुरुवात झाली. तरी रोग गेला नाही. २०१९पासून सर्वांत खालच्या तीन संघांना पहिल्या क्रमांकाची सारखीच, म्हणजे शंभरात १४ संधी ठेवली गेली. हरण्याचं बक्षीस कमी करावं लागलं, तेव्हा कुठे हरण्याची हाव थोडी आवरली.

आणि बॉस्टन? बिल रसेल १९५६च्या ड्राफ्टमध्ये आले. बॉस्टनचा नंबर खूप मागे होता. प्रशिक्षक रेड ऑरबाख यांनी आपले दोन चांगले खेळाडू सेंट लुईसच्या संघाला दिले आणि त्या बदल्यात त्यांचा दुसऱ्या क्रमांकाचा हक्क घेऊन रसेल मिळवले. नियम सगळ्यांना सारखे होते. ऑरबाख यांना ते जास्त चांगले वाचता येत होते, इतकंच.

पण रसेल एकदा आल्यावर तेरा वर्षं तिथेच का राहिले? निष्ठा हे एक उत्तर आहे आणि ते खोटं नाही. दुसरं उत्तर त्या काळच्या करारात आहे. खेळाडूचा करार संपला, तरी त्याच्यावरचा हक्क जुन्या संघाकडेच राहत असे. त्याला दुसऱ्या संघाशी बोलायचीसुद्धा मुभा नव्हती. मालकाला वाटलं, तर मालक त्याला विकू शकत होता. खेळाडूला वाटलं, तर तो फार तर खेळ सोडू शकत होता. साखळी असा शब्द आपण क्रीडास्पर्धेला सहज वापरतो. इथे तिचा दुसरा अर्थही खरा होता.

या बंधनाचं समर्थन मालक कसं करत? ते म्हणत, खेळाडूला मोकळं सोडलं, तर सगळे चांगले खेळाडू दोन-तीन श्रीमंत शहरांत जातील. बाकीचे संघ ओस पडतील. समतोल बिघडेल. आपण बांधून ठेवतो ते खेळाच्या भल्यासाठी.

इथे थांबून जरा विचार करावासा वाटतो. खेळाडू बांधलेले होते, त्याच काळात एक संघ तेरापैकी अकरा वेळा विजेता झाला. मग तो समतोल होता कुठे? बेडी होती, समतोल नव्हता. बेडीनं एकच गोष्ट नक्की केली, ती म्हणजे खेळाडूंचा पगार खाली ठेवला.

हे बोलून दाखवणारा आणि कोर्टात नेणारा माणूस म्हणजे ऑस्कर रॉबर्टसन. इंडियानापोलिसमध्ये वाढलेला कृष्णवर्णीय मुलगा. त्याच्या क्रिस्पस ॲटक्स हायस्कूलच्या संघानं १९५५मध्ये राज्याचं विजेतेपद मिळवलं. ते हायस्कूल फक्त कृष्णवर्णीय मुलांसाठी काढलेलं होतं. रॉबर्टसन १९६५मध्ये खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. पुढे एनबीएला एबीए नावाचा नवा प्रतिस्पर्धी उभा राहिला. दोन दुकानं झाल्याबरोबर खेळाडूंचे भाव वाढले. तेव्हा दोन्ही दुकानं एक करण्याची बोलणी मालकांनी सुरू केली. एप्रिल १९७०मध्ये रॉबर्टसन आणि इतर तेरा खेळाडूंनी, म्हणजे प्रत्येक संघातल्या एकानं, या विलीनीकरणाविरुद्ध आणि कराराच्या बेडीविरुद्ध दावा लावला. तो सहा वर्षं चालला. १९७६मध्ये तडजोड झाली. एबीएचे चार संघ एनबीएत आले आणि करार संपल्यावर दुसरीकडे जाण्याची वाट खेळाडूला टप्प्याटप्प्यानं मोकळी होत गेली. रॉबर्टसन तोवर निवृत्त झाले होते. त्यांनी लावलेल्या झाडाची फळं दुसऱ्यांनी खाल्ली.

मालकांची भीती खरी ठरली का? १९७०च्या दशकात आठ वेगवेगळे संघ विजेते झाले. १९६९मध्ये बॉस्टननं विजेतेपद राखलं, त्यानंतर थेट १९८८पर्यंत कुणालाही सलग दोनदा जिंकता आलं नाही. याचं सगळं श्रेय खेळाडूंच्या स्वातंत्र्याला देता येणार नाही. संघांची संख्या वाढली होती, खेळाडू जास्त ठिकाणी विखुरले होते. पण स्वातंत्र्यानं आकाश कोसळलं नाही, एवढं नक्की.

मात्र गोष्ट इथे एक गमतीदार वळण घेते. समतोल होता, पण प्रेक्षक नव्हते. १९८०ची अंतिम फेरी संपवणारा सहावा सामना, ज्यात मॅजिक जॉन्सन या वीस वर्षांच्या पोरानं ४२ गुण केले, तो अमेरिकेतल्या बहुतेक शहरांत रात्री उशिरा, मुद्रित करून दाखवला गेला. थेट दाखवावा असं वाहिनीला वाटलं नाही. आणि हा खेळ पुन्हा घराघरांत पोचला तो केव्हा? मॅजिक जॉन्सनचे लेकर्स आणि लॅरी बर्डचे सेल्टिक्स हे दोन दादा संघ समोरासमोर उभे राहिले तेव्हा. १९८०च्या दशकातली दहापैकी आठ विजेतेपदं या दोघांनी वाटून घेतली. नंतर आला मायकेल जॉर्डनचा शिकागो. १९९१ ते १९९८मध्ये सहा विजेतेपदं. एकाचंच वर्चस्व, आणि तरी आपल्याकडच्या कॉलेजच्या मुलांच्या अंगावरही लाल शिकागोचे बनियन दिसू लागले.

म्हणजे प्रेक्षकाला समानता नको असते का? मला वाटतं, प्रेक्षकाला हवा असतो संशय. आज निकाल काय लागेल, हे ठाऊक नसणं. आपल्याकडे जत्रेतल्या कुस्तीच्या फडात जोड लावणारी जाणती माणसं असतात. सगळे पैलवान सारखे असावेत, असा त्यांचा आग्रह नसतो. समोरासमोर उभे राहणारे दोघे एकमेकांना भारी पडतील का, एवढंच ते पाहतात. मोठ्या पैलवानाची शोभा त्याच्या जोडीवर असते. रसेल मोठे वाटतात, कारण समोर चेंबरलेन होते. १९६५मध्ये चेंबरलेनना वर्षाला एक लाख डॉलर मिळाल्यावर रसेलनी एक लाख एक डॉलर मागितले आणि घेतले, असं सांगतात. त्या एका डॉलरमध्ये सगळी स्पर्धा आली.

१९८४-८५च्या मोसमापासून एनबीएनं तिसरा उतारा काढला, पगाराची मर्यादा. प्रत्येक संघानं खेळाडूंवर वर्षाला अमुक इतकाच खर्च करायचा. पहिल्या वर्षी हा आकडा ३६ लाख डॉलर होता. बदल्यात उत्पन्नातला ५३ टक्के वाटा खेळाडूंना देण्याचं ठरलं. पुढे १९९९मध्ये एकेका खेळाडूच्या पगारावरही कमाल मर्यादा आली. आणि इथे नियमानं आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेतली. कशी, ते पाहा. सर्वोत्तम खेळाडूला कुठेही गेलं तरी तेवढाच पगार मिळणार असेल, तर तो जास्त पैसे देणारा संघ का शोधेल? तो जास्त जिंकणारे मित्र शोधेल.

२०१०मध्ये नेमकं हेच झालं. लेब्रॉन जेम्स यांनी क्लीव्हलँड सोडलं आणि ड्वेन वेड, ख्रिस बॉश यांच्याबरोबर मायामीत खेळायचं ठरवलं. एकत्र येण्यासाठी तिघांनीही कमाल पगारापेक्षा थोडे कमी पैसे घेतले. जेम्स यांनी हा निर्णय दूरचित्रवाणीवर खास कार्यक्रम करून सांगितला. तो दिखाऊपणा अनेकांना खटकला, आणि ते चूकही नव्हतं. पण क्लीव्हलँडचे मालक डॅन गिल्बर्ट यांनी त्याच रात्री जे पत्र प्रसिद्ध केलं, त्यात जेम्स यांना गद्दार ठरवण्याचा सूर होता. नागरी हक्क चळवळीतले नेते जेसी जॅक्सन यांनी तेव्हा बोट ठेवलं, की ही भाषा पळून गेलेल्या गुलामावर चिडलेल्या मालकाची आहे. शब्द कडक होते. पण करार संपलेला माणूस दुसरीकडे कामाला गेला, तर तो गद्दार कसा, हा प्रश्न रास्त होता. मालकानं खेळाडू विकला तर तो व्यवहार आणि खेळाडूनं संघ सोडला तर ती गद्दारी, हे दोन तराजू झाले.

मायामीचं पुढे काय झालं? पहिल्याच वर्षी, २०११मध्ये, अंतिम फेरीत डॅलसनं त्यांना हरवलं. नंतर २०१२ आणि २०१३ला ते जिंकले.

सर्वांत मोठा स्फोट २०१६चा. दूरचित्रवाणीच्या नव्या करारामुळे पगाराची मर्यादा एका वर्षात सात कोटी डॉलरवरून ९ कोटी ४१ लाखांवर उडाली. त्यामुळे गोल्डन स्टेट संघाला एकदम जागा मिळाली. या संघानं त्या मोसमात ८२पैकी ७३ सामने जिंकण्याचा विक्रम केला होता. अंतिम फेरीत मात्र तीन-एक अशी आघाडी घेऊनही तो लेब्रॉनच्या क्लीव्हलँडकडून हरला होता. अशा संघात केव्हिन ड्युरंट दाखल झाले. भरल्या पोटी पुरणपोळी! २०१७च्या बाद फेरीत गोल्डन स्टेटनं सतरापैकी सोळा सामने जिंकले. खेळ मेला, अशी ओरड झाली. तरी त्या अंतिम फेरीला १९९८नंतरचा सर्वांत मोठा अमेरिकी प्रेक्षकवर्ग लाभला. लोक नावं ठेवत होते आणि पाहतही होते.

सगळ्या सुपरटीम मात्र अशा फळत नाहीत. २००४मध्ये लेकर्सनी चार मोठी नावं जमवली आणि ते डेट्रॉइटकडून चार-एक असे हरले. ब्रुकलिननं ड्युरंट, हार्डन, अर्व्हिंग एकत्र आणले. त्या संघाला अंतिम फेरीसुद्धा दिसली नाही.

२०२३च्या करारानं चौथा उतारा आणला. मर्यादेच्या वर आणखी दोन रेषा आखल्या. वरची रेषा ओलांडणाऱ्या संघाला नुसता दंडच नाही, तर खेळाडूंची अदलाबदल करण्यावरही बंधनं. या करारावर खेळाडूंच्या संघटनेचीही सही आहे. २०१९ ते २०२५ या सात वर्षांत सात वेगवेगळे संघ विजेते झाले. असं एनबीएच्या इतिहासात पूर्वी घडलं नव्हतं. २०२५ची अंतिम फेरी तर ओक्लाहोमा सिटी आणि इंडियाना या तुलनेनं लहान शहरांच्या संघांत झाली आणि सातव्या सामन्यापर्यंत गेली.

आनंदाचीच गोष्ट. पण मला पुन्हा बॉस्टन आठवतं. २०२४चा विजेता संघ बॉस्टनचा. त्यांचं हे अठरावं विजेतेपद. २०२५च्या उन्हाळ्यात त्याच संघातल्या जरू हॉलिडे आणि क्रिस्तॅप्स पोर्झिंगिस यांना दुसरीकडे पाठवण्यात आलं. ते वाईट खेळले म्हणून नव्हे. संघ तसाच ठेवला असता, तर नव्या नियमांचा दंड परवडला नसता म्हणून. आणि त्याच वर्षी हा संघ विकला गेला तो ६१० कोटी डॉलरना. परवडत नाही म्हणून खेळाडू जातात आणि संघाची किंमत आकाशाला भिडते, हे एकाच घरात, एकाच वर्षी.

रसेलच्या काळात नियमानं संघ तेरा वर्षं बांधून ठेवला. आजच्या नियमानं तोच संघ वर्षभरात मोडला. दोन्ही वेळा कारण एकच सांगितलं गेलं, समतोल. मला समतोलाचं वावडं नाही. लहान शहरातल्या पोरालाही आपला संघ जिंकताना पाहायला मिळावं. पण कुणी समतोलाची भाषा बोलू लागलं, की तराजू कुणाच्या हातात आहे ते आपण आधी पाहावं. प्रेक्षकाला मिळणारा संशय खरा आहे का, आणि खेळणाऱ्याला मिळणारा वाटा रास्त आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरं 'हो' असतील, तर मग कुणीही जिंको.

कारण निकाल आधी छापून ठेवता येत नाही, म्हणून तर आपण खेळ पाहतो. त्या रात्री फोरमच्या छताला राहिलेले फुगे हेच सांगत होते.